पहिला मेटल डिटेक्टर आणि खोलीचा मोह

मेटल डिटेक्टर घ्यायला निघालेला नवखा माणूस दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतो तो खोलीचा. जमिनीखाली किती फुटांपर्यंतचे दाखवतो? जाहिरातीही याच प्रश्नाभोवती फिरतात. महाग मॉडेल खोलवर पोचते, स्वस्त मॉडेलला वरवरचेच कळते, तेव्हा जमत असेल तर आणखी थोडे पैसे टाका, असा त्यांचा एकूण सूर. ज्याच्या खिशात मोजकेच पैसे आहेत त्याने या सुराकडे दुर्लक्ष करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या यंत्रात खोलीला सर्वांत कमी महत्त्व द्यावे, कारण ती पैसे टाकूनही फारशी वाढत नाही आणि नवख्याला तिची गरजही क्वचितच पडते. पैसे मोजायचे ते यंत्र लोखंड आणि चांदी यांतला फरक किती नीट सांगते यासाठी, ते तीन-चार तास हातात पेलवते की नाही यासाठी, आणि यंत्राबरोबर लागणाऱ्या चार साध्या वस्तूंसाठी.

हा छंद ब्रिटनमध्ये चांगलाच रुजला आहे, आणि त्याच्या नीट ठेवलेल्या नोंदीही तिथे आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम नावाची सरकारी पाठबळाची योजना चालते. लोक शेतात सापडलेली नाणी, बकला, पिना, अंगठ्या आपल्या भागातल्या अधिकाऱ्याला नेऊन दाखवतात. तो वस्तूचा काळ ठरवतो, फोटो काढतो, सापडल्याची नेमकी जागा नोंदवतो आणि बहुतेक वेळा वस्तू परत देतो. अशा पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. त्यातल्या बहुतांश वस्तू डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या हौशी लोकांना सापडल्या, आणि त्याही मुख्यतः कसलेल्या जमिनीत. नांगर माती उलथतो तो साधारण वीतभर, फार तर त्याहून थोडा अधिक. दोन हजार वर्षांपूर्वीचे रोमन नाणे असो की दीडशे वर्षांपूर्वीचे कोटाचे बटण, नांगराने ते या वीतभर थरात वरखाली केलेले असते. साध्यातला साधा पण प्रामाणिक डिटेक्टर वीतभर खोलीवरचे रुपयाएवढे नाणे ओळखतो. हजार पौंड जास्त मोजून पुढच्या चार बोटांची खोली मिळवायची, तर त्या चार बोटांत काय आहे, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

स्टॅफर्डशायरचा ठेवा या संदर्भात नेहमी पुढे केला जातो. जुलै २००९ मध्ये हॅमरविच गावाजवळच्या एका शेतात अँग्लो-सॅक्सन काळातले सोन्याचांदीचे साडेचार हजारांच्या आसपास नग आणि तुकडे सापडले. सोनेच सुमारे चार किलो. ते ज्या डिटेक्टरने सापडले तो चौदा वर्षे जुना आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात अडीच पौंडांना घेतलेला होता, असे त्या वेळी वृत्तपत्रांनी छापले. ठेव्याची किंमत ३२ लाख ८५ हजार पौंड ठरली आणि ती शोधणारा व जमीनमालक यांच्यात वाटली गेली. यावर कुणी म्हणेल, ही तर लॉटरी झाली. एकाला बक्षीस लागले म्हणून काही तिकीट शहाणपणाचे ठरत नाही. आक्षेप रास्त आहे. अडीच पौंडांचे यंत्र घ्या, असा अर्थ या घटनेतून काढणे चूकच. पण तिच्यातली दुसरी बाजू पुरेशी बोलली जात नाही. हा ठेवा नांगरटीच्या थरात पसरलेला होता. तिथे कोणताही चालू स्थितीतला डिटेक्टर वाजला असता. निर्णायक ठरले ते शेत, आणि त्या शेतात पाय ठेवायला मिळालेली मालकाची परवानगी.

खोली पैशाने का वाढत नाही, याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. डिटेक्टरच्या दांड्याच्या टोकाला जी गोल चकती असते तिला कॉइल म्हणतात. तिच्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह जातो, त्यामुळे तिच्याभोवती तितक्याच वेळा बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. हे क्षेत्र मातीतल्या धातूवर पडले की त्या धातूत भोवऱ्यासारखे फिरणारे बारीक प्रवाह उठतात, त्यांचे स्वतःचे क्षेत्र तयार होते आणि कॉइलमधले दुसरे वेटोळे ते टिपते. आता अडचण पाहा. अंतर कॉइलच्या आकारापेक्षा वाढू लागले की जाणारे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते आणि परत येणारेही तसेच. म्हणजे एकंदर सिग्नल अंतराच्या सहाव्या घाताने घटतो. खोली दुप्पट करायची तर सिग्नल चौसष्टपट ताकदीचा हवा. यंत्राची ताकद दुप्पट केली, तर खोलीत भर पडते ती जेमतेम १२ टक्क्यांची. वीस सेंटीमीटरचे साडेबावीस होतात. शिवाय ताकद वाढवली की मातीतून येणारा गोंगाटही त्याच मापाने वाढतो. त्यामुळेच सर्व कंपन्यांची या तंत्रावर चालणारी यंत्रे लहान नाण्याच्या बाबतीत एकमेकांपासून थोड्याच सेंटीमीटरच्या फरकाने उभी आहेत.

धातू असल्याचे कळणे हा या तंत्रापुढचा मोठा प्रश्न कधीच नव्हता. खरा प्रश्न होता आजूबाजूच्या धातूंतून हवा तो वेगळा काढण्याचा. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याला हा अनुभव १८८१ मध्येच आला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर २ जुलैला गोळीबार झाला आणि शरीरात अडकलेली गोळी डॉक्टरांना सापडेना. बेलने विद्युतवेटोळ्यांचे एक उपकरण घाईघाईने तयार केले. प्रयोगांत ते चोख चालले, पण राष्ट्राध्यक्षांच्या खाटेपाशी नेल्यावर त्याचा आवाज भलतीकडेच उमटू लागला. गादीत पोलादी तारा होत्या. त्यात मुख्य डॉक्टरांनी त्याला शरीराची उजवी बाजूच तपासू दिली. गोळी डावीकडे होती, हे शवविच्छेदनात कळले. गारफिल्ड १९ सप्टेंबरला वारले. आजच्या शेतात त्या तारांची जागा खिळे, बिजागऱ्या, नालांचे तुकडे आणि बाटल्यांची झाकणे यांनी घेतली आहे. इंग्लंडमधल्या कोणत्याही जुन्या शेतात चांदीच्या एका नाण्यामागे लोखंडाचे तुकडे कितीतरी असतात.

म्हणून नवख्याने दुकानात उभे राहून करायची चाचणी वेगळी आहे. टेबलावर किंवा जमिनीवर एक गंजका खिळा ठेवा, शेजारी चार बोटे अंतरावर एक नाणे ठेवा आणि कॉइल त्यांच्यावरून सावकाश एका बाजूने दुसऱ्या बाजूला न्या. चांगले यंत्र खिळ्यावर घोगरा, तुटक आवाज काढते आणि लगेच सावरून नाण्यावर स्वच्छ, उंच सूर देते. कमी प्रतीचे यंत्र खिळ्याला नकार देताना नाणेही गिळून टाकते, किंवा दोन्हींवर एकच चिरका आवाज करते. यंत्राने एका सिग्नलमधून सावरून दुसऱ्याकडे वळण्याचा हा वेग वीतभर मातीत खोलीपेक्षा जास्त नाणी मिळवून देतो. पडद्यावर दिसणारा आकडाही असाच तपासावा. धातू किती चांगला वाहक आहे आणि वस्तू केवढी आहे, यावर तो आकडा ठरतो. लोखंड खालच्या पट्टीत, तांबे आणि चांदी वरच्या पट्टीत. मात्र सोन्याची नाजूक अंगठी आणि सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद किंवा शीतपेयाच्या डब्याची कडी यांचे आकडे जवळजवळ सारखेच येतात. महागड्या यंत्रालाही या गोंधळातून पूर्ण सुटका नाही. तिथे खणून पाहणे एवढाच उपाय, आणि म्हणूनच ‘फक्त सोने दाखवतो’ असे सांगणाऱ्या विक्रेत्यापासून चार हात दूर राहावे.

नवख्यांसाठी मुद्दाम बनवलेल्या यंत्रांत तीन नावे वारंवार ऐकू येतात. टेक्सासच्या गॅरेट कंपनीची एस मालिका, तुर्कस्तानच्या नोक्ताचे सिंप्लेक्स आणि ऑस्ट्रेलियाच्या मिनेलॅबचे व्हँक्विश. गॅरेट एस ३०० हे ८ किलोहर्ट्‌झवर चालणारे, बटणे कमी असलेले, शिकायला सर्वांत सोपे यंत्र. त्याची उणीव एवढीच की मातीशी जुळवून घेण्याची सोय त्यात नाही; कारखान्यात जे ठरले ते ठरले. इंग्लंडच्या सर्वसाधारण शेतमातीत याने फारसे अडत नाही. सिंप्लेक्सचे पहिले मॉडेल १२ किलोहर्ट्‌झवर चालते, तीन मीटरपर्यंत पाण्यात बुडवता येते आणि त्यात मातीशी जुळवणी करता येते. जिथे धातू नाही अशा जागी बटण दाबून कॉइल वरखाली करायची, आवाज मावळला की जुळणी झाली. व्हँक्विश एकाच वेळी अनेक वारंवारतांवर काम करते. त्याचे महत्त्व समुद्रकिनाऱ्यावर कळते, कारण खाऱ्या ओल्या वाळूतून वीज वाहते आणि एकाच वारंवारतेचे यंत्र तिथे विनाकारण किंचाळत राहते. माझे मत विचाराल तर शेतात फिरणाऱ्याने सिंप्लेक्सच्या जातीचे यंत्र घ्यावे आणि किनाऱ्यावर फिरणाऱ्याने व्हँक्विशच्या जातीचे. यांहून महाग मॉडेल या दोघांना सुरुवातीला अनावश्यक आहेत.

किमतीचा पल्ला ब्रिटनमध्ये शंभर-दीडशे पौंडांपासून दीड हजारांपर्यंत आहे. समजा एखाद्याने तीनशे पौंड बाजूला ठेवले आहेत. ते सगळे यंत्रावर घालू नयेत. साधारण दोन तृतीयांश यंत्राला द्यावेत आणि उरलेल्या पैशातून आधी पिनपॉइंटर घ्यावा. हा वीतभर लांबीचा, हातात धरायचा छोटा डिटेक्टर असतो. मोठ्या कॉइलने ‘इथे कुठेतरी आहे’ एवढेच कळते. खड्डा उकरल्यावर मातीच्या ढेकळात दडलेले नखाएवढे नाणे पिनपॉइंटरशिवाय शोधणे म्हणजे माती चिवडत बसणे. हे उपकरण नसल्यामुळे एकेका सिग्नलमागे पंधरा-वीस मिनिटे जातात, खड्डा नको तेवढा मोठा होतो आणि जमीनमालक दुसऱ्यांदा येऊ देत नाही. त्यानंतर हेडफोन, कारण क्षीण आवाज वाऱ्यात ऐकू येत नाहीत, आणि एक मजबूत, धारदार खुरपे. गवताळ जमिनीत तीन बाजूंनी कापून गवताचा चौकोन झाकणासारखा उलटायचा, वस्तू काढायची आणि तो पुन्हा दाबून बसवायचा, ही तिथली रीत आहे. यंत्र निवडताना वजनही पाहावे. बहुतेक यंत्रे सव्वा ते दीड किलोची असतात, पण वजनापेक्षा तोल महत्त्वाचा. दांडा कोपराशी नीट बसला नाही तर तासाभरात खांदा भरून येतो, आणि भरून आलेल्या खांद्याचा माणूस कॉइल जमिनीपासून वर उचलत फिरवतो. जाहिरातीत पैसे मोजून मिळवलेली चार बोटांची खोली अशी हवेतच जाते.

‘एकदाच घ्यायचे तर चांगलेच घ्या’ हा आक्षेप घराघरांत ऐकायला मिळतो. फ्रिज किंवा शिलाई मशीनच्या बाबतीत तो खराही असेल. डिटेक्टरच्या बाबतीत तो लागू पडत नाही, कारण आपल्याला कोणत्या जमिनीत फिरायला मिळणार आहे हे नवख्याला माहीतच नसते. शेत मिळेल, किनारा मिळेल की जुन्या वस्तीची खिळ्यांनी भरलेली जागा मिळेल, हे वर्षभराने कळते, आणि प्रत्येक जागेला लागणारे यंत्र वेगळे असते. महाग यंत्रात सेटिंग्ज पुष्कळ. चुकीच्या सेटिंगवर ठेवलेले महाग यंत्र साध्या यंत्रापेक्षा कमी काम करते, आणि कोणते सेटिंग चुकीचे हे कान तयार झाल्याशिवाय समजत नाही. नामवंत कंपनीचे स्वस्त यंत्र दीड वर्षाने विकले तरी बऱ्यापैकी पैसे परत येतात. त्याच कारणाने जुने यंत्र घेणेही फायद्याचे. घेताना बॅटरीच्या कप्प्यात हिरवट गंज नाही ना ते पाहावे, आणि यंत्र चालू ठेवून कॉइलची वायर जोडाजवळ हलकेच हलवावी. आवाज कडकडला तर वायर आतून तुटत आली आहे, व्यवहार सोडून द्यावा. वायर दांड्याभोवती सैल गुंडाळली असेल तर ती झुलते आणि खोटे सिग्नल देते, पण तो दोष दोन मिनिटांत दूर होतो.

एका ठिकाणी मात्र माझा युक्तिवाद थांबतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतात लोहयुक्त लाल मातीतून सोन्याचे नैसर्गिक गोळे शोधणारे लोक आहेत. तिथली माती नेहमीच्या यंत्राला बधिर करते आणि पल्स इंडक्शन नावाच्या वेगळ्या तंत्राचे, कित्येक हजार डॉलरचे यंत्र लागते. अशा ठिकाणी खोलीला आणि पैशाला दोन्हींना अर्थ आहे. पण ते काम मर्यादित बजेटच्या पहिल्या यंत्राचे नव्हेच.

दुसरे टोकही धोक्याचे. स्वस्त घ्या याचा अर्थ कोणतेही घ्या असा नाही. बिननावाच्या यंत्रांवर खोली मीटरमध्ये छापलेली असते, आणि त्यापुढची पायरी म्हणजे उघड फसवणूक. ‘एडीई ६५१’ या उपकरणाची गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. हातात धरायची मूठ आणि तिला बसवलेली डुलणारी अँटेना, आत कामाचे काहीही नाही. मूळ कल्पना हरवलेले गोल्फचे चेंडू शोधून देतो म्हणून विकल्या जाणाऱ्या, वीसेक डॉलरच्या खेळण्यावरून उचललेली. बॉम्बशोधक म्हणून ते हजारो डॉलरला इराकच्या सरकारला विकले गेले, तपासणी नाक्यांवर वापरले गेले, आणि त्यापायी माणसे मेली. विकणाऱ्या ब्रिटिश माणसाला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. शंभर फुटांवरचे सोने दाखवतो म्हणून आपल्याकडे इंटरनेटवर विकायला असलेल्या डुलत्या अँटेनांच्या यंत्रांत आणि त्यात तत्त्वाचा काहीच फरक नाही. सहाव्या घाताचा नियम ज्याला कळला तो या जाहिरातीला फसणार नाही.

आता परवानगीचा विषय, कारण यंत्राच्या किमतीपेक्षा जड भुर्दंड इथे बसतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी कुणी या छंदाकडे वळत असेल, तर तिथली प्रत्येक इंच जमीन कुणाच्या तरी मालकीची आहे आणि मालकाच्या परवानगीशिवाय तिथे डिटेक्टर फिरवता येत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. संरक्षित स्मारकांवर तर विशेष परवान्याशिवाय गुन्हाच. १९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे इंग्लंड आणि वेल्समध्ये तीनशे वर्षांहून जुनी सोन्याचांदीची वस्तू किंवा अशी दोन नाणी एकत्र सापडली तर चौदा दिवसांच्या आत कॉरोनर नावाच्या अधिकाऱ्याला कळवावे लागते. स्कॉटलंडचा कायदा याहून कडक आहे. २०१५ मध्ये लेमिन्स्टरजवळ व्हायकिंग काळातला ठेवा शोधून तो परस्पर विकणाऱ्यांना २०१९ मध्ये काही वर्षांचा तुरुंगवास झाला, आणि बहुतेक नाणी अजून हाती लागलेली नाहीत. याच्या नेमके उलट उदाहरण हॉक्सनचे. १९९२ मध्ये एका शेतकऱ्याची हरवलेली हातोडी शोधायला मित्र डिटेक्टर घेऊन आला आणि यंत्राखाली रोमन सोन्याची नाणी निघाली. त्याने खणणे तिथेच थांबवले आणि कळवले. म्हणून पुरातत्त्वज्ञांना पंधरा हजारांच्या आसपास नाणी आणि चांदीची भांडी ठेवलेल्या पेटीतली मूळ मांडणी जशीच्या तशी अभ्यासता आली. हातोडीही सापडली, ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

महाराष्ट्रात हा छंद ब्रिटनसारखा करता येत नाही, आणि ते सांगितले नाही तर या लेखाने वाचकाचे नुकसानच होईल. मार्च २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट पाहून मोगलांचा खजिना शोधायला शेजारच्या मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याची शेते लोकांनी रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन उकरली. पण १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संरक्षित किल्ले, लेणी, टेकाडे यांवर खणण्याला १९५८ चा केंद्रीय आणि १९६० चा राज्याचा कायदा आडवा येतो, आणि तो आडवा यायलाच हवा. मातीच्या कोणत्या थरातून नाणे निघाले ही माहिती एकदा गेली की त्या नाण्याची इतिहासाला होणारी मदत जवळजवळ संपते. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या किल्ल्यांवर डिटेक्टर घेऊन जाण्याचा विचारही कुणी करू नये.

मग आपल्याकडे या यंत्राचा उपयोग काय? स्वतःच्या शेतात पडलेली अंगठी, निसटलेला नांगराचा फाळ, मातीखाली गेलेला लोखंडी पाइप, करवतीखाली जाण्याआधी लाकडातला खिळा. या कामांना महाग यंत्र लागत नाही. फक्त इथली माती लक्षात घ्यावी लागते. देशावरची काळी माती बेसॉल्टची, तिच्यात चुंबकीय खनिज असते, आणि कोकण-गोव्याचा जांभा लोहाने भरलेला असतो. म्हणून मातीशी जुळवणी करण्याची सोय नसलेले यंत्र इथे घेऊच नये, ते कितीही स्वस्त मिळो.

तेव्हा क्रम उलटा करा. आधी जमीन ठरवा, मालकाकडून परवानगी लेखी घ्या, तिथला कायदा समजून घ्या, शक्य असेल तर कुणाचे यंत्र मागून त्या मातीवर दोन तास फिरवून पाहा, आणि दुकानात त्यानंतर जा.